विमान कंपनीचे ‘नियम’: प्रसिद्ध, उपलब्ध की खुले?

प्रश्न

विमान वाहतुकीवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘एअरलाइन्सचे ऑपरेटिंग रूल्स लोकांना पाहता आले पाहिजेत’ असा त्याचा सूर आहे. मी लिहिलंय, ‘विमान कंपन्यांचे परिचालन नियम सार्वजनिकरीत्या उपलब्ध असावेत.’ दोन शंका आहेत. ‘नियम’ म्हणजे सरकारचे की कंपनीचे, हे यातून कळत नाही. आणि इथे ‘उपलब्ध’ चालेल, की ‘प्रसिद्ध’ हवं? ‘खुले’ असंही डोक्यात आलं होतं.

प्रतिसाद

‘परिचालन’ रुळलेला शब्द आहे, तो राहू द्या. अडचण ‘नियम’ची आहे, कारण बोलताना आपण चार वेगवेगळ्या कागदांना तेच म्हणतो.

सगळ्यात वर शिकागो करार, नागरी विमान वाहतुकीबद्दलचा देशादेशांमधला, ७ डिसेंबर १९४४चा. त्याला आज १९ परिशिष्टं आहेत आणि सहावं विमानांच्या परिचालनाबद्दल आहे. त्यात ‘मानक’ वेगळं आणि ‘शिफारस केलेली पद्धत’ वेगळी. एखाद्या देशाला मानक पाळणं जमत नसेल, तर त्याने तो फरक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला (आयकाओ) कळवायचा असतो. त्याखाली देशांचे स्वतःचे विनियम, म्हणजे कायद्याच्या जोरावर केलेले सरकारी नियम. युरोपीय संघाचा विमान परिचालनाबद्दलचा विनियम ९६५/२०१२ किंवा अमेरिकेच्या विमान वाहतूक विनियमांमधला विमान कंपन्यांसाठीचा भाग १२१ कोणीही इंटरनेटवर फुकट वाचू शकतो. तिसरी, कंपनीची परिचालन पुस्तिका. युरोपात तिचे अ, ब, क, ड असे चार भाग असतात: सर्वसाधारण, विमानाच्या प्रकारानुसार, मार्ग व विमानतळ, आणि प्रशिक्षण. ती नियामकाकडे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे जाते, काही भागांना त्याची मंजुरीही लागते, तरी कागद कंपनीचाच आणि सहसा बाहेर येत नाही. चौथ्या, वाहतुकीच्या अटी. तो तिकीट काढणाऱ्याशी केलेला करार आहे, त्याला नियम म्हणूच नये.

काउंटरवर ‘तसा नियम आहे’ असं ऐकू येतं, तेव्हा यातला कुठला कागद बोलतोय हे प्रवाशाला कळायला मार्ग नसतो. म्हणून भाषांतरात तरी ‘नियम’ मोघम ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती.

आता ‘प्रसिद्ध’. इथे ‘नामांकित’ हा अर्थ बाजूला ठेवा, ‘राजपत्रात प्रसिद्ध झालं’ मधला घ्या. त्याला कायद्याचं वजन आहे. २००५ साली व्हिएन्ना विमानतळावर एका प्रवाशाच्या हातसामानात टेनिसच्या रॅकेटी सापडल्या. त्या निषिद्ध वस्तू आहेत असं सांगून त्याला अडवलं, तरी तो विमानात चढला, तेव्हा त्याला उतरवलं. मनाई ज्या युरोपीय विनियमाच्या परिशिष्टात होती असं सांगितलं गेलं, ते परिशिष्टच राजपत्रात आलेलं नव्हतं. निषिद्ध वस्तूंची यादी लोकांना पाहता आली पाहिजे, असं दुरुस्ती विनियमाच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असूनही यादी बंदच राहिली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. १० मार्च २००९ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की अप्रसिद्ध परिशिष्ट व्यक्तींवर बंधनं लादू पाहतं तेवढ्यापुरतं ते बंधनकारक नाही.

तेव्हा विनियमांसाठी ‘प्रसिद्ध’च. ‘उपलब्ध’ अटींना शोभतो. अमेरिकेत तिकिटात नुसता उल्लेख करून जोडलेल्या अटींचा पूर्ण मजकूर प्रवाशाला विमानतळावर पाहायला मिळाला पाहिजे, असं बंधन कंपनीवर आहे. तिथे कागद छापून जाहीर झालाय का हा प्रश्न नाही, मागितल्यावर हातात येतो का हा आहे. आणि ‘खुला’ तेव्हा, जेव्हा पैसे किंवा परवानगी आड येत नाही. शिकागो कराराच्या परिशिष्टांच्या छापील प्रती विकत घ्याव्या लागतात. म्हणजे त्या प्रसिद्ध आहेत, पण खुल्या म्हणता येणार नाहीत.

आणखी एक प्रतिसाद

वरचं पटलं, पण सगळंच खुलं करता येत नाही. तपासणी कशी चुकवता येईल हे ज्यातून कळतं, तो कागद सुरक्षेसाठी बंद ठेवावाच लागतो.

प्रतिसाद

मान्य. पण ‘सुरक्षा’ शब्द इथे जपून वापरायला हवा. घातपात, अपहरण यांपासूनचं संरक्षण ती सुरक्षा, तिचं परिशिष्ट सतरावं. विमान नीट उडावं, वैमानिकाला पुरेशी विश्रांती मिळावी, इंधन किती राखून ठेवावं, ही सुरक्षितता. तिच्या व्यवस्थापनाचं परिशिष्ट एकोणिसावं. गुप्ततेचं कारण पहिलीला लागू पडतं. मराठीत दोन्हींना सरसकट ‘सुरक्षा’ म्हटलं, की विश्रांतीच्या तासांचा विनियमसुद्धा ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ दाखवता येत नाही, असं वाक्य कोणालाच खटकत नाही. मला ते फार खटकतं. वैमानिकाने सलग किती तास काम करावं हे प्रवाशाला कळल्याने कुठलाही धोका वाढत नाही.

प्रश्नकर्तीकडून

मूळ लेख पुन्हा वाचला. तिथे रोख कंपनीच्या पुस्तिकेवर आहे, सरकारी विनियमांवर नाही. आता असं केलंय: ‘विमान कंपन्यांच्या परिचालन पुस्तिकांमधला सुरक्षिततेशी संबंधित भाग, मागेल त्याला पाहण्यासाठी उपलब्ध असावा.’ पुढच्या परिच्छेदात विनियम येतात, तिथे ‘प्रसिद्ध’ घातलंय.

प्रतिसाद

‘मागेल त्याला’ छान बसलंय. ‘पाहण्यासाठी’च्या पुढे ‘विनाशुल्क’ घालायचं का, ते मात्र मूळ लेखात बघून ठरवा.