मदत हवी आहे: टोयोटाच्या पद्धतीत स्टॉक नेमका कोण सांभाळतं आणि त्याचे पैसे कोण देतं?

नमस्कार मंडळी,

मी वाळूजला एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून गाडीचे पार्ट काढतात तिथे) प्लॅनिंग आणि स्टोअर दोन्ही बघतो. आमचा माल थेट गाडीच्या कंपनीला जात नाही, मधल्या एका मोठ्या व्हेंडरला जातो, म्हणजे आम्ही टियर टू. आता त्या व्हेंडरने मीटिंग घेऊन सांगितलंय की यापुढे जस्ट इन टाइम, आठवड्याचा माल एकदम घेणार नाही, दिवसाला दोन गाड्या पाठवा आणि आमची लाइन थांबली तर डेबिट नोट तुम्हाला, म्हणजे नुकसान तुमच्या बिलातून कापणार. का, तर म्हणे टोयोटा असंच करते. जुलै २०२४ मध्ये बिडकीनच्या प्लांटसाठी टोयोटा किर्लोस्करचा राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी टोयोटाच आहे.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगतो. शेड्यूलवर रोजचे १२०० ब्रॅकेट. सकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो आज ४०० च पाठवा, आणि संध्याकाळी फोन, उद्या पहिल्या शिफ्टला २००० पाहिजेत. प्रेसवर डाय (पार्टचा साचा) चढवा, सेटिंग करा, पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घ्या, यातच दोन-अडीच तास जातात, त्यात त्याच प्रेसवर बाकीचे पार्टही चालतात, आणि कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, ऑर्डर दिल्यापासून यायला दीड महिना. म्हणून मालक बिचारे कर्ज काढून स्टॉक करून ठेवतात. क्रेट आता पॅसेजमध्ये लागलेत, फोर्कलिफ्ट वळत नाही. कस्टमरचं, म्हणजे त्या व्हेंडरचं, स्टोअर रिकामं झालं हे खरं, पण तो सगळा माल आमच्याकडे येऊन बसलाय. याला जस्ट इन टाइम म्हणायचं का?

मी जेवढं वाचलंय त्यात टोयोटाचं चित्र वेगळं दिसतं. तिथे आधी रोजचं उत्पादन समान करतात, हेइजुन्का म्हणतात त्याला, म्हणजे सगळी एकाच मॉडेलची गाडी एका दिवशी काढायची नाही, रोज थोडी थोडी प्रत्येक. सप्लायरला पुढच्या महिन्याचा प्लॅन आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांचा अंदाज आधी मिळतो, कानबान कार्ड, म्हणजे माल वापरला की तेवढाच परत मागवणारी चिठ्ठी, फक्त रोजचा बारीक फरक सांभाळतं. फेब्रुवारी १९९७ ला आयसिन या टोयोटाच्या सप्लायरच्या जपानमधल्या कारियातल्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, टोयोटाचे प्लांट बंद पडले. पण आयसिनने ड्रॉइंग उघडी केली आणि शिलाई मशीनवाल्या ब्रदरपासून कितीतरी कंपन्यांनी आपापल्या मशीनवर व्हॉल्व्ह काढून दिले, साधारण आठवड्याभरात लाइन परत चालू. डेबिट नोटच्या धाकाने कुणी असं धावून येत नाही हो.

आणि २०११ च्या भूकंपानंतर तर त्यांनी चिपवाल्या सप्लायरना २ ते ६ महिन्यांचा साठा ठेवायला लावला, आणि दरवर्षी सप्लायरकडून जी किंमत कमी करून घेतात त्यातला काही भाग या साठ्यासाठी परत दिला. म्हणजे जे मिळायला वेळ लागतं त्याचा स्टॉक टोयोटाही ठेवते! सप्टेंबर २०२१ ला तोही पुरला नाही, जगभरातलं उत्पादन ४० टक्के कापावं लागलं, ते वेगळं.

तर जाणकारांनी सांगा, कानबानचे क्रेट किती ठेवायचे ते कसं काढतात, आणि कस्टमरशी बोलताना नेमकं काय मागायचं? ऑर्डर तोडून चालणार नाही, निम्मं काम त्यांचंच आहे.

प्रतिसाद:
भाऊ, गणित सोपं आहे. रोजची मागणी गुणिले क्रेट भरून जाऊन रिकामा परत येऊन पुन्हा भरेपर्यंतचे दिवस, वर १० टक्के, भागिले क्रेटमधले पीस. १२०० रोजचे, दीड दिवस, क्रेटमध्ये ६० धरले तर ३३ क्रेट. पण तेच ४०० ला ११ येतात आणि २००० ला ५५! मागणी अशी उड्या मारत असेल तर कुठलाच आकडा बसणार नाही, हेच गणित कागदावर मांडून त्यांच्या मटेरियलवाल्याला दाखवा, पर्चेसवाल्याला नको. मागायचं एवढंच, पुढच्या पाच दिवसांचं शेड्यूल फ्रीज, म्हणजे पक्कं, आणि त्यात १० टक्क्यांच्या वर बदल नाही. आमच्या भोसरीच्या कस्टमरने पाच नाही दिले, तीन दिले, तरी पॅसेज मोकळा झाला. आणि तुमच्या बाजूने डाय चेंजचा वेळ कमी करा, मशीन चालू असतानाच पुढची डाय, बोल्ट, पॅकिंग शेजारी आणून ठेवायचं, अडीच तासाचा एक तास तरी होईल.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा, ११ आणि ५५ चा तक्ता उद्याच बनवतो. डाय चेंजचं सेटरशी बोलतो. कॉइलचं मात्र अजून अडलंय. तीन महिन्यांच्या अंदाजावर आम्ही कॉइल उचलली आणि मॉडेल बंद झालं तर ती कॉइल कस्टमर घेईल असं लेखी कुणी मिळवलंय का? नमुना असेल तर प्लीज व्यनि करा, कंपनीचं नाव खोडून चालेल.