मदत हवी आहे : 'रेड क्लिफ'चा दुसरा भाग आणि इतिहास

जॉन वू यांचा 'रेड क्लिफ' हा युद्धपट मी सुमारे अडीच तासांच्या एकत्रित आवृत्तीत पाहिला. आशियात मात्र तो २००८ आणि २००९ मध्ये दोन स्वतंत्र भागांत प्रदर्शित झाला होता आणि त्याची एकूण लांबी पावणेपाच तासांच्या आसपास आहे, हे मला नंतर समजले. इ. स. २०८च्या हिवाळ्यात चीनमधील यांगत्से नदीवर उत्तरेकडील सत्ताधीश त्साओ त्साओचे आरमार जाळले गेले, ती लढाई या दुसऱ्या भागात येते. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या दक्षिणेकडील सेनानी ह्वांग गाईच्या खोट्या शरणागतीचा उल्लेख जुन्या इतिहासग्रंथात आहे. परंतु दक्षिणेच्या मित्रपक्षाचा रणनीतीकार झुगे लियांग गवताने मढवलेल्या नौका धुक्यात पाठवून शत्रूचेच बाण गोळा करतो, हा (माझ्या मते सर्वांत देखणा) प्रसंग चौदाव्या शतकातील 'रोमान्स ऑफ द थ्री किंग्डम्स' या कादंबरीमुळे प्रसिद्ध झाला.

दक्षिणेचा सरसेनापती चौ यू याची पत्नी एकटीच शत्रूच्या छावणीत जाऊन चहाच्या निमित्ताने त्साओ त्साओला रोखून धरते, हे कथानक त्या कादंबरीत आहे, की पटकथाकारांनी रचलेले आहे? तसेच दुसरा भाग स्वतंत्रपणे, कापाकापी न करता, इंग्रजी उपशीर्षकांसह भारतात अधिकृतरीत्या कोठे पाहता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.