मोठा जिताडा म्हणजे बहुतेक मादीच

जिताडा (खाडीत आणि नदीत मिळणारा मासा) धरताना छोटे सोडून द्यावेत, असं म्हणतात ते पटतं. पण ‘मोठा मासा म्हातारा झालेला असतो, तो धरला तर बिघडत नाही’ असंही म्हणतात, ते मात्र अजिबात पटत नाही. जिताडा आधी नर असतो आणि नंतर मादी होतो. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, एकदोन हंगाम काढतो आणि सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान त्यातल्या बहुतेकांची मादी होते. म्हणजे मीटरभर लांबीचा जिताडा गळाला लागला, की ती अंडी घालणारी मादी असण्याचीच शक्यता जास्त. आणि अशी एक मादी कोट्यवधी अंडी घालते! म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंमीपेक्षा लहान जिताड्याबरोबर १२० सेंमीपेक्षा मोठाही पाण्यात परत सोडावा लागतो.

राहता राहिला जिताडा गोड्या पाण्यातला की खाऱ्या, हा मुद्दा. नदीत वाढला तरी अंडी घालायला त्याला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यातच यावं लागतं. उधाणाच्या भरतीबरोबर पिल्लं खारफुटीत शिरतात, पुढे काही नदीत वर चढतात. काही जिताडे तर जन्मभर गोड्या पाण्याकडे फिरकतही नाहीत.