निकालाच्या टक्केवारीत मधेच गळालेले विद्यार्थी कुठे मोजायचे?

प्रश्न : आयक्यूएसी समन्वयक, बीड जिल्हा

नमस्कार. तालुक्याच्या गावच्या एका अनुदानित कला महाविद्यालयात मी आयक्यूएसीचे, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, काम पाहतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला द्यायचा वार्षिक अहवाल, म्हणजे एक्यूएआर, भरताना दरवर्षी मी एकाच ठिकाणी अडतो. उत्तीर्णांचे प्रमाण काढताना अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जण पास झाले, एवढेच तिथे विचारले जाते. समजा, प्रथम वर्षाला १२० जणांनी प्रवेश घेतला, तृतीय वर्षाच्या परीक्षेला ६० बसले आणि ५१ पास झाले, तर निकाल ८५ टक्के लागतो. प्रवेश घेतलेल्यांच्या हिशेबाने मात्र तो साडेबेचाळीस टक्केच भरतो.

आमच्याकडची गळती दिवाळीच्या सुमारास सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. काही मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात, काही मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला गावी राहतात आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्यामुळे काहींची लग्ने हंगामाच्या तोंडावरच उरकली जातात. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी मार्चमध्ये परत आली, तेव्हा हजेरीपटात तिच्या नावावरून लाल शाईची रेघ गेलेली होती. परीक्षेचा अर्ज भरता येईल का, एवढेच तिने विचारले. मुदत संपली होती, त्यामुळे मला नाही म्हणावे लागले. त्या वर्षीच्या अहवालात तिच्यासाठी एकही रकाना नव्हता.

अशा विद्यार्थ्यांची नोंद आपापल्या महाविद्यालयात कोणी ठेवते का आणि कशी ठेवते, हे जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ : निवृत्त प्राचार्य, नांदेड

आपला प्रश्न मुळालाच हात घालणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. नॅकची स्थापना १९९४ मध्ये झाली. सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये समितीचे सदस्य प्रत्यक्ष येऊन काय पाहतात, याला मोठे वजन होते. २०१७ च्या सुधारित पद्धतीने सुमारे ७० टक्के भार आकडेवारीवर टाकला आणि ती आकडेवारी ऑनलाइन पडताळण्याची व्यवस्था केली. पक्षपात कमी व्हावा हा हेतू रास्तच होता. परंतु ज्याचा कागद जोडता येतो तेच मोजले जाऊ लागले आणि महाविद्यालयांची सारी शक्ती कागद जोडण्यात खर्च होऊ लागली. प्राचार्य असताना मीही प्राध्यापकांना तासावरून बोलावून जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो गोळा करायला बसवले आहे. ते चुकलेच, असे आज वाटते.

शिक्षकांच्या बाबतीतही असेच घडले. २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी शिक्षकांच्या कामाला गुण देणारी एपीआयची पद्धत आणली आणि गुणांसाठी शोधनिबंधांचा पूर आला. २०१८ च्या नियमांत नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक तास घेतले तर अध्यापन ‘चांगले’ ठरते. त्या तासाला वर्गात किती मुले होती, हे मात्र त्यातून कळत नाही.

एनआयआरएफमध्ये, म्हणजे २०१६ पासून जाहीर होणाऱ्या केंद्राच्या क्रमवारीत, अमुक वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, अशी माहिती मागितली जाते. आपणही तोच धागा धरावा. प्रथम वर्षाच्या प्रवेशाची यादी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकासह, वेगळ्या वहीत उतरवून घ्यावी आणि तीन वर्षे तीच यादी चालवावी. प्रत्येक नावापुढे पुढच्या वर्गात गेला, विषय मागे राहिले, टी.सी. घेऊन दुसरीकडे गेला किंवा शिक्षण सुटले, यांपैकी एक नोंद असावी. शिक्षण सुटले असेल तर कारण घरी जाऊन किंवा फोनवर विचारून लिहावे. अंदाजाने लिहू नये. ही यादी दर सत्रात महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवावी. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने ती समिती प्रत्येक महाविद्यालयात बंधनकारक आहे, पण बहुतेक ठिकाणी तिच्यापुढे बांधकाम आणि खरेदी एवढेच विषय येतात.

उत्तर २ : तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, लातूर

सरांचे म्हणणे पटते. पण ती वही तीन वर्षे चालवणार कोण? माझी नेमणूक सत्र संपले की संपते. प्रथम वर्षाला ज्यांना शिकवले, त्यांना तृतीय वर्षात मीच शिकवीन याची शाश्वती नसते. मंजूर पदांपैकी किती पदांवर पूर्णवेळ शिक्षक आहेत याचे गुण नॅक महाविद्यालयाला देते, परंतु अनुदानित पद भरायला शासनाची परवानगी लागते. पद रिक्त राहिल्याचे उत्तर महाविद्यालयाने द्यायचे आणि परवानगी अडवून धरणाऱ्याला कोणी विचारायचे नाही, याला उत्तरदायित्व म्हणता येणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या मुलाची गळतीही एकट्या महाविद्यालयाच्या माथी मारू नये.

उत्तर ३ : कार्यालयीन कर्मचारी, जालना जिल्हा

गळती परीक्षेच्या अर्जाच्या आधीच कार्यालयात दिसते. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण कोणी केले नाही, ती यादी आमच्यापुढे असते. ती वेळेवर वर्गशिक्षकांना दिली, तर मूल गावात आहे तोवर त्याच्या घरी जाता येते. आम्ही ती फक्त अर्जांची संख्या कमी का झाली, हे कळवण्यासाठी वापरतो.

प्रश्नकर्ता :

सर्वांचे मनापासून आभार. लातूरच्या सरांची हरकत मला मान्य आहे, म्हणून वही कोणा एका प्राध्यापकाच्या नावावर न ठेवता कार्यालयात ठेवण्याचा आणि जबाबदारी आयक्यूएसीकडे घेण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे. नूतनीकरण न केलेल्यांची यादी दसऱ्याआधी काढून द्यावी, अशी विनंती उद्याच आमच्या मुख्य लिपिकांना करतो. नांदेडच्या सरांना एक विचारायचे आहे : हंगाम संपवून परत आलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी त्याच वर्गात पुन्हा प्रवेश घेतला, तर त्याचे नाव जुन्याच यादीत चालवायचे की नव्या यादीत घ्यायचे?