मदत हवी आहे : ग्राफिक्स ड्रायव्हर खुला ठेवावा की कंपनीचा? काम खोळंबले आहे

बोरीकाठ (अमळनेर)
माझा लग्नाच्या चित्रीकरणाचा व्यवसाय आहे. परवा रात्री मी लिनक्सवर माझ्या एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डासाठी खुला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा, मूळ संहिता सर्वांना पाहता येणारा प्रोग्राम) टाकला आणि तेव्हापासून मॉनिटरचे चित्र १०२४ बाय ७६८ वर अडकले आहे. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्राममध्ये कार्डाचे नावच दिसत नाही आणि केडेनलाइव्ह या चित्रफीत जोडण्याच्या प्रोग्राममध्ये एक्स्पोर्ट रडतखडत चालते. आखाजीच्या तीन लग्नांचे काम पडून आहे आणि पहिल्या घरची मंडळी रविवारी पेनड्राइव्ह न्यायला येणार आहेत. खुला ठेवू की कंपनीचा टाकू, एवढेच कोणीतरी स्पष्ट सांगावे.

यार्डमास्तर (भुसावळ)
कार्ड कोणते, लिनक्स कोणते आणि कितवी आवृत्ती, बायोसमध्ये सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना सही नसलेले प्रोग्राम रोखणारी सोय) चालू आहे की बंद, हे आधी कळवावे. त्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे.

तापीमाय (शिरपूर)
माझे ऐका, एनव्हिडियाचे कार्ड विकून एएमडीचे घ्या. त्याचा एएमडीजीपीयू हा खुला ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. मी कार्ड बसवले, संगणक सुरू केला आणि त्यानंतर ड्रायव्हर या शब्दाचा विचारही करावा लागला नाही.

यार्डमास्तर (भुसावळ)
तापीमाय, त्यांना रविवारी काम द्यायचे आहे. कोणते कार्ड घ्यावे, हे त्यांनी विचारलेले नाही.

पांझरा (धुळे)
मी शिक्षक आहे. आमच्या प्रयोगशाळेतील एनव्हिडियाच्या जुन्या जीटी ७१० कार्डांवर नूव्हो हा खुला ड्रायव्हर चालतो. तो २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलमध्ये आला आणि बाहेरच्या मंडळींनी कंपनीच्या कागदपत्रांशिवाय, कार्डाचे वागणे तपासून तो घडवला, याचे मोल मला फार वाटते. कंपनीने या कार्डांसाठी नवे ड्रायव्हर देणे थांबवले, तरी नूव्होने त्यांची साथ सोडलेली नाही. कर्नल बदलला तरी आम्हाला काहीही करावे लागत नाही. खुलाच ठेवावा.

केळीबाग (रावेर)
पांझरा सर, आपला आदर राखून सांगतो, वर्गात टंकलेखन करणे वेगळे आणि चित्रफितीचे काम वेगळे. जीटीएक्स ९०० च्या मालिकेपासून कार्डाला कंपनीची सही असलेले फर्मवेअरच (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) लागते. त्यामुळे ९०० आणि १००० च्या मालिकांत नूव्होला कार्डाचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, वाढवता येत नाही आणि कार्ड सुरू होताना ज्या मंद गतीवर असते तिथेच राहते. कूडा (कार्डाकडून जड गणिते करून घेण्याची कंपनीची सोय) नाही, एनव्हेंक (कार्डावर चित्रफीत एन्कोड करण्याची सोय) नाही. पोटापाण्याच्या कामाला कंपनीचाच ड्रायव्हर हवा.

पांझरा (धुळे)
मग दोष नूव्होचा नाही, सहीच्या अटीचा आहे. तो फरक नव्या मुलांना सांगितलाच पाहिजे.

हतनूर (जळगाव)
मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. माझे कार्ड धुळीने भरल्यामुळे मंदावले होते. आधी पंखा साफ करून पाहा.

बोरीकाठ (अमळनेर)
पंखा स्वच्छ आहे. कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबीचे. उबुंटू २४.०४. सिक्युअर बूट बंद आहे. परवा संध्याकाळपर्यंत सर्व सुरळीत होते. कृपया उत्तर द्यावे.

केळीबाग (रावेर)
१०५० टीआय म्हणजे पास्कल, १००० च्या मालिकेची पिढी. मी वर सांगितले तेच, नूव्हो काढा.

यार्डमास्तर (भुसावळ)
थांबा. नूव्हो टाकावा लागत नाही, तो कर्नलसोबतच येतो. मग बोरीकाठ भाऊंनी परवा ‘टाकला’ तो कोणता? पॅकेजचे नाव अक्षर न अक्षर लिहावे आणि टर्मिनलवर ‘सुडो डीमेसग’ लिहून दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमधील एनव्हीआरएमने सुरू होणाऱ्या ओळींत काय म्हटले आहे तेही सांगावे.

बोरीकाठ (अमळनेर)
‘एनव्हिडिया-ड्रायव्हर-५८०-ओपन’. आधी याच नावाचे, पण शेवटी ‘ओपन’ नसलेले होते. खुले ते चांगले असे वाचले म्हणून बदलले. ओळींत लिहिले आहे की या कार्डात जीएसपी नसल्यामुळे खुले मॉड्यूल त्याला चालवू शकत नाही.

यार्डमास्तर (भुसावळ)
दुखणे सापडले. आपण सगळे नूव्होवर भांडत बसलो आणि भाऊंकडे नूव्हो चालूच नव्हता. हे ‘ओपन’ कंपनीचेच आहे. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ५१५ च्या मालिकेपासून ड्रायव्हरचा फक्त कर्नलमधला भाग खुला केला. ओपनजीएल आणि व्हल्कन (प्रोग्रामना चित्र काढून देणारे भाग), कूडा हा वरचा सगळा भाग पूर्वीसारखाच बंद आहे. कर्नलमधील बरेच काम कार्डावरच्या जीएसपी नावाच्या छोट्या प्रोसेसरकडे गेले, म्हणून ते खुले होऊ शकले. तो प्रोसेसर टुरिंग पिढीपासून आला. पास्कलमध्ये तो नाही. कंपनीचे पॅकेज नूव्होलाही अडवून ठेवते, त्यामुळे आपले कार्ड दोन्हींकडून पोरके झाले.
टर्मिनलवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनव्हिडिया-ड्रायव्हर-५८०’ असे लिहावे, शेवटी ‘ओपन’ लावू नये. जुने पॅकेज काढू का असे विचारील, होकार द्यावा. संगणक पुन्हा सुरू केल्यावर कार्डाची स्थिती दाखवणारी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा चालवून पाहावी. आणखी एक, पास्कलला चालणारी ५८० हीच शेवटची मालिका आहे. ५९० दिसली तरी तिकडे जाऊ नये.

बोरीकाठ (अमळनेर)
‘एनव्हिडिया-एसएमआय’ची चौकट आली आणि तीत कार्डाची ४०९६ एमआयबी, म्हणजे पूर्ण ४ जीबी मेमरी दिसली. मॉनिटर पूर्ण भरला, ब्लेंडरमध्ये कूडाखाली कार्डाचे नाव आले. पहिल्या लग्नाचे एक्स्पोर्ट लावले आहे. पॅकेजचे नाव पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते. यार्डमास्तर, आपले उपकार विसरणार नाही.

पांझरा (धुळे)
काम झाले याचा आनंद आहे. परंतु अर्धा खुला आणि अर्धा बंद, अशा वस्तूला नुसते ‘ओपन’ म्हटल्यामुळे एका कष्टाळू माणसाचे दोन दिवस गेले, ही गोष्ट मला सलते.

हतनूर (जळगाव)
माझ्याकडे जीटीएक्स १६५० आहे. मला ओपन चालेल का?

यार्डमास्तर (भुसावळ)
चालेल. १६५० टुरिंगचे आहे.