घरगुती आर्केड मशीनचं किट आलंय, पावसाळ्यात एमडीएफ टिकेल का? आणि करंटचं काय करावं?

डिचोलीचो_भुरगो
नमस्कार मंडळी. टेबलावर मावेल एवढं आर्केड मशीन करायचं किट मागवलंय. रास्पबेरी पाय 4 (तळहाताएवढा कॉम्प्युटर, 2 जीबीवाला), 10 इंची स्क्रीन, एक जॉयस्टिक, आठ मोठी बटणं नि दोन छोटी, यूएसबी एन्कोडर (बटणांच्या वायरी पायला जोडणारा बोर्ड), टिचभर ॲम्प्लिफायर बोर्ड ज्यावर पीएएम8403 लिहिलंय, दोन स्पीकर, आणि डब्यासाठी लेझरने कापलेले एमडीएफचे (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचे) तुकडे. ते तुकडे बघूनच धडकी भरली, कारण आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, जून लागला की कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते, तिथे एमडीएफ किती दिवस काढणार? प्लायचा डबा करून घ्यावा का, आणि घेतला तर किती एमएमचा?

दुसरं, पाऊस सुरू झाला की आमच्या वाड्यावर करंट कधी जाईल नि कधी येईल काही नेम नाही. पाय असा धाडकन बंद झालेला चालतो का? तिसरं, सगळं टेबलावर पसरून जोडून बघितलं तर गेम चालतात पण स्पीकरमधून सतत घूंऽऽ आवाज येतो, गेमचा आवाज कमी केला तरी तो तसाच.

चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळी भावंडं घरी येतात तोवर उभं राहायला हवं. सोल्डरिंग येतं, नरकासुराच्या डोळ्यांचे लाइट दरवर्षी माझ्याकडेच असतात, पण कॉम्प्युटरवालं काम पहिल्यांदाच करतोय.

मेस्तकाम_पेडणे
एमडीएफ नको रे बाबा. वरचा गुळगुळीत भाग एकवेळ टिकतो पण कापलेली कड पाणी पिते, आणि लेझरने कापलेल्या तुकड्याला तर सगळ्या कडाच. एकदा कड फुगली की स्क्रू पकड सोडतो. वापरायचाच असेल तर सगळ्या कडांना, भोकांच्या आतल्या बाजूला पण, फेविकॉलमध्ये पाणी घालून दोन हात मार, सुकल्यावर सँडपेपर, मग सीलर, मग रंग. पण मी म्हणेन किटचे तुकडे फक्त फर्मा म्हणून वापर, प्लायवर ठेवून पेन्सिल फिरव आणि तोच आकार काप. प्लायवर आयएस 710 चा शिक्का बघून घे, तो बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यातला. आयएस 303 चा एमआर प्लाय नुसता दमट हवेपुरता, तुमच्या मातीच्या भिंतीला टेकून ठेवायला मी देणार नाही. बाजू 12 एमएम, मागचं दार 6 एमएम, एवढ्या छोट्या डब्याला पुष्कळ झालं.

आता खरी गोम कंट्रोल पॅनलची. जिथे बटणं नि स्टिक बसते ती फळी 12 ची करू नको. तुझी बटणं नुसती दाबून खटकन बसणारी आहेत की मागून नट आवळायची? खटक्याची असतील तर त्यांच्या बाजूचे प्लास्टिकचे कान पातळ पत्र्यासाठी केलेले असतात, जाड प्लायमध्ये ते उघडतच नाहीत आणि खेळता खेळता बटण वर येतं. जॉयस्टिकचं पण तेच, फळी जाड झाली की दांडी वर तोकडी राहते. म्हणून पॅनल 3 एमएमच्या ॲक्रेलिकचं किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कर आणि खाली कडेने प्लायची चौकट दे म्हणजे दाबल्यावर वाकणार नाही. नावाच्या पाट्या करणारे असतात त्यांच्याकडे ॲक्रेलिक लेझरवर कापून मिळतं, फाइल दिली की झालं.

आणि हो, भोकं. मोठं बटण 30 एमएमचं, छोटं 24 चं. मेस्ताला (सुताराला) विचारलंस तर तो म्हणेल आहे माझ्याकडे बिट, पण त्याच्याकडे असतं ते कपाटाच्या बिजागरीचं 35 एमएमचं बिट, त्या भोकातून तुझं बटण त्याच्या टोपीसकट आत जाईल. आधी व्हर्निअर लावून बघ, मग मशीन चालू करू दे.

फिजिक्सवाली_फोंडा
घूं आवाजाचं मी सांगते. दोन शक्यता आहेत आणि ओळखायला अगदी सोपं आहे. ॲम्पला आत्ता जिथून 5 व्होल्ट दिलेत ते काढा आणि तात्पुरतं मोबाइलच्या पॉवर बँकवर चालवा. आवाज गेला किंवा खूप कमी झाला तर दोष सप्लायचा, पाय नि ॲम्प एकाच वायरीवरून करंट ओढताहेत आणि पायच्या आतली सगळी कुरकुर ॲम्पला ऐकू जातेय. मग ॲम्पची प्लस-मायनस थेट सप्लायपासून वेगळी आणा, पायच्या पिनांवरून नको, आणि ॲम्पच्या टोकाशी 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. ध्रुव उलटे लावू नका म्हणजे झालं. पॉवर बँकवरही आवाज तसाच राहिला तर मात्र वायर बघा, ऑडिओची वायर साधी लांबलचक असेल तर ती बदलून शील्डवाली घ्या. पाय 4 चा हेडफोन जॅक तसाही फार स्वच्छ नाही, एक साधं यूएसबी साउंड कार्ड लावलं तरी पुष्कळ फरक पडतो.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. पीएएम8403 मध्ये स्पीकरची मायनस वायर ग्राउंडला जोडायची नसते. दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र करून ग्राउंडला द्यायची सवय जुन्या ॲम्पवर काम केलेल्या लोकांना असते, इथे तसं केलं तर चिप गेलीच समजा. चारही वायरी वेगवेगळ्या.

बटणांना मागे तीन पाय आहेत की दोन? तीन असतील तर मायक्रोस्विच आहे, सीओएम (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावरच जोडली जाणारी) या दोनच घ्या. एनसी (न दाबताच जोडलेली) घेतलीत तर हात न लावता बटण दाबलेलं दिसेल आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसाल. मल्टिमीटर पीं पीं वर ठेवून एकेक बटण तपासा, बारावीच्या मुलांकडून मी हेच करून घेते, बोर्ड जोडण्याआधी.

सर्किट_साखळी
ताईंनी आवाजाचं सांगितलंच आहे, मी करंटवर येतो कारण साखळी काय नि डिचोली काय, एकच रडगाणं.

धाडकन बंद झालेला पाय लगेच मरत नाही, पण एसडी कार्डवर काहीतरी लिहीत असतानाच करंट गेला तर फाइल सिस्टम बिघडते आणि मग बूटच होत नाही. म्हणून पहिलं काम, सगळं सेट झालं की कार्डची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून लॅपटॉपवर ठेव. रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायचं सेटिंग करायच्या प्रोग्रॅममध्ये) ओव्हरले फाइल सिस्टमचा पर्याय पण आहे, तो चालू केला की कार्डवर काहीच लिहिलं जात नाही, मग करंट कितीदा गेला तरी कार्डाला धक्का नाही, पण हाय स्कोअर पण राहत नाहीत, आणि भावंडांत त्यावरून मारामारी होणार असेल तर तो उपयोगाचा नाही.

बंद करायला बटण लाव. कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ (पायच्या बोर्डावरच्या पिना) शटडाउनची ओव्हरले ओळ टाकायची आणि बोर्डावर मोजून येणाऱ्या पिन 5 नि पिन 6 मध्ये एक साधं पुश बटण, दाबलं की नीट बंद होतो, परत दाबलं की उठतो. त्या पिनांना 5 व्होल्ट चुकूनही दाखवू नको, पायच्या जीपीआयओ 3.3 व्होल्टच्या आहेत.

चार्जर 5 व्होल्ट 3 अँपिअरचा, आणि केबल आखूड नि जाड. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह आलं तर समज व्होल्टेज 4.63 च्या खाली गेलं, लोक गेम अडकतोय म्हणून इम्युलेटर (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) बदलत बसतात आणि असते केबल. राउटरचा छोटा यूपीएस लावायचा विचार असेल तर त्यातले बरेच 12 व्होल्टचे असतात, मधे 5 व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड) लागेल. तो आधी मीटरवर 5 ला सेट कर, मगच पायला जोड.

मागच्या दाराला हवेसाठी भोकं ठेव पण आतून मच्छरजाळी चिकटव. आत ऊब असते, पाल जाऊन बसतेच, आणि पालीने सप्लाय शॉर्ट केलेला टीव्ही मी उघडून बघितलाय.

डिचोलीचो_भुरगो
देव बरें करूं सगळ्यांना! पॉवर बँकवर आवाज गेला ताई, म्हणजे सप्लायच. बटणं खटक्याची आहेत, तेव्हा पॅनल ॲक्रेलिकचं. आता नवीन भानगड, पॅकमॅनमध्ये वळणावर स्टिक तिरकी जाते आणि तो भिंतीलाच चिकटून राहतो. आणि काही गेम यादीत दिसतात पण उघडतच नाहीत, काळा पडदा येऊन परत यादीवर.

जुनं_पार्लर_म्हापसा
पॅकमॅन 1980 चा, डाँकी काँग 1981 चा, दोन्ही चार दिशांच्या स्टिकसाठी केलेले. तुझी आठ दिशांची आहे, त्यामुळे कोपरा लागला की गेमला एकदम वर आणि उजवीकडे असं दोन्ही कळतं. स्टिक काढून खालून बघ, बऱ्याच स्टिकना प्लास्टिकची चौकोनी प्लेट असते, ती फिरवून बसवली की चारच दिशा उरतात. फायटिंगवाले गेम खेळायचे तर परत आठवर आणावी लागते, तेव्हा खालचं झाकण असं कर की स्क्रू न काढता हात जाईल.

न उघडणाऱ्या गेमचं कारण बहुतेक रोमसेट (गेमच्या फाइलींचा संच). मेम (आर्केड गेमचा इम्युलेटर) 1997 पासून चालू आहे आणि प्रत्येक आवृत्तीत फाइलींची नावं नि जुळणी बदलत जाते. तुझ्या इमेजमध्ये मेम2003 असेल तर त्याला मेमच्या 0.78 आवृत्तीचाच सेट लागतो, नवीन सेटमधला गेम टाकलास की असाच काळा पडदा. आणि एक सांगतो, राग मानू नको. इम्युलेटर फुकट आणि कायदेशीर, पण गेमचे हक्क त्या त्या कंपन्यांकडे आहेत, किटसोबत हजारो गेमचं कार्ड आलं म्हणून ते आपले होत नाहीत. मेमच्या साइटवर रॉबी रोटो, ग्रिडली असे थोडे गेम मालकांच्या परवानगीने ठेवलेत, व्यापारासाठी नाही या अटीवर, टेस्टिंग त्यांच्यावरच कर. उद्या कोणी म्हणालं कॉइन बॉक्स लावून बारमध्ये ठेवूया, तर नाही म्हण. गोव्यात नाणं टाकायचं मशीन दिसलं की लोकांना आधी कॅसिनोच आठवतो, नसती चौकशी मागे लागेल.

डिचोलीचो_भुरगो
खाली प्लेट आहे बाब, फिरते पण. वर्जन पण 2003 च निघालं. कॉइन बॉक्स नाहीच, कॉइनचं बटण आहे ते पुरे. मेस्तबाब, पॅनल थोडं तिरकं ठेवायचं तर चौकटीला पुढून किती उतार द्यावा?

मेस्तकाम_पेडणे
टेबलावर ठेवून उभ्याने खेळणार की बसून? बसून असेल तर पाच-सहा अंश पुष्कळ. पुठ्ठ्याचं पॅनल करून त्यावर स्टिक बसव आणि थोडा वेळ खेळ, मनगट दुखलं तर उतार कमी कर. प्लाय त्यानंतर काप.