जमलेली टीम: तुमचे अनुभव येऊ द्या

सांजसकाळ
काल जुन्या टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप अचानक जागा झाला. कोणीतरी शिफ्ट रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकला होता. समासात माझं अक्षर: 'रात्रपाळीने आधी वाचावे, मग भांडावे.' खाली दुसऱ्या शाईत उत्तर: 'वाचले. भांडण सकाळी सहाला.'

दोन पाळ्यांत विळ्या-भोपळ्याचं सख्य. मशीन बंद पडलं की ते आमच्यावर ढकलणार, आम्ही त्यांच्यावर. नव्या सुपरवायझर बाईंनी एकच केलं. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांनी ऑफिसात नाही, मशीनपाशी उभं राहायचं. कुठलं बेअरिंग आवाज करतंय ते समोरच्याला ऐकवायचं, मगच सही. सुरुवातीला नुसती जुंपायची. पण समोर मशीन चालू असताना 'तुम्ही लोक ना' म्हणून किती वेळ ओरडणार? हळूहळू माणसांवरचं भांडण बेअरिंगवर आलं.

पुढे ट्रेनिंगमध्ये कळलं, ब्रूस टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच हे मांडलंय. टीम आधी गोळा होते, मग भांडते, मग रीत बसते, मग कुठे काम होतं. आमचा मुक्काम दुसऱ्या पायरीवर जरा लांबला एवढंच. तुमची टीम कशाने जमली?

टवाळखोर
बॉस रजेवर गेल्याने.

ओटीवाली
घाईत लिहितेय. आमच्याकडे सर्जरीची चेकलिस्ट आली, ती जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची. चीर देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं. सर वैतागले, रोज एकत्र असतो, नावं कसली सांगायची? आणि पहिल्याच दिवशी कळलं की सरांना ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) अटेंडंटचं नावच माहीत नाही! एकदा तोंड उघडलेलं असलं ना, की नंतर 'सर, थांबा, एक स्पंज कमी भरतोय' म्हणायला जीभ रेटते. नाहीतर नवी सिस्टर रक्त टिपायचे स्पंज मनातल्या मनात मोजत घामाघूम. बोलावतायत, आले

चष्मिष
अहो स्पंज सापडला का?? असं अर्धवट टाकून जाऊ नका

शून्य_एक
आमचा प्रोजेक्ट लेट झाला म्हणून वरच्यांनी आणखी माणसं ओतली. लेट प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लेट होतो, हे सॉफ्टवेअरवाले फ्रेड ब्रुक्स १९७५ मध्ये सांगून गेलेत, पण वाचतो कोण. पाच जणांत बोलायच्या जोड्या होतात १०, दहा जणांत ४५. मोजून बघा. दिवसभर मीटिंगा आणि कोड रात्री. शेवटी लीडने दोन गट पाडले आणि दुसऱ्या गटाशी बोलायला एकेक माणूस नेमला, तेव्हा श्वास घेतला. त्यात शेजारचा कीबोर्ड असा बडवायचा की जणू मागच्या जन्मीचं वैर.

टवाळखोर
@शून्य_एक तो मीच असेन. मेकॅनिकल कीबोर्ड आहे, आवाज होणारच

शून्य_एक
मग त्याखाली निदान एक मॅट टाका की राव

कडूकारलं
सगळे गोडगोड लिहितायत म्हणून. आमच्याकडे टीम बिल्डिंगला रस्सीखेच ठेवली होती. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने दोर ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ मध्ये छापलंय. आठ जण मिळून ओढायला लागले की माणशी जोर जेमतेम निम्मा. आमच्यात दोघं ओढत होती, बाकीचे फक्त तोंडं वेडीवाकडी करत होते. ऑफिसातही तीच दोघं! मॅडमनी प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव लिहायला लावलं तेव्हा कुठे फुकटे हलले. खेळबिळ सगळं फोटोपुरतं.

सांजसकाळ
@कडूकारलं फोटोत पुढे कोण असतं तेही सांगा 😄

ओटीवाली
सापडला सापडला. बादलीमागे पडला होता, पोटात नाही. त्या दिवशी सर ओरडले नाहीत, 'परत मोजा' एवढंच म्हणाले. टीमवर संशोधन करणाऱ्या एमी एडमंडसन बाईंचा अभ्यास आहे ना, चांगल्या टीमच्या वॉर्डांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. सुरुवातीला बाईसुद्धा चक्रावल्या. मग लक्षात आलं, तिथे लोक चुका लपवत नव्हते. आमच्याकडे रजिस्टर कोरं असायचं तेव्हाच मला जास्त भीती वाटायची.

चष्मिष
हुश्श. @ओटीवाली रात्रपाळीनंतर दिवसा झोप लागते का हो तुम्हाला? मला अजिबात नाही

ओटीवाली
जाड पडदे लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बाकीचं व्यक्तिगत निरोपात लिहिते

नवी_भरती
मी नुकतीच लागलेय. सगळे छान बोलतात, पण फाइल कुठे असते ते कोणी सांगत नाही. विचारलं की 'तू बस, मी करते'. रडू येतं कधीकधी.

सांजसकाळ
@नवी_भरती 'करून द्या' म्हणू नकोस, 'तुम्ही करताना शेजारी बसू का?' म्हण. सहसा नाही म्हणवत नाही.

कडूकारलं
आणि फाइलींची यादी स्वतः बनवून ठेव गं. महिन्याभरात तेच तुला विचारत येतील बघ